बलाढ्य पात्राचा मृत्यू पटतो कधी?

मलाजखंडच्या आपल्या घरांतून सुट्टीत नातवंडांबरोबर विज्ञानाचे अद्भुत सिनेमे पाहताना एक प्रश्न हमखास निघतो. एवढा शक्तिमान, मग तो मेला कसा?

उत्तर आपल्या पुराणांत आहे. हिरण्यकशिपूला दिवसा वा रात्री, घरात वा बाहेर, माणसाकडून वा पशूकडून मरण नव्हते. नरसिंहाने त्याला मारले ते तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर. वर मोडला नाही, त्यातली फट सापडली. कर्णाच्या रथाचे चाक रुतले, पण तो शाप त्याला आधीच मिळालेला होता.

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'मध्ये (२०१९) टोनी स्टार्कचा मृत्यू पटतो, कारण त्याच रत्नांनी थानोस आणि हल्कचे हात भाजलेले आपण आधी पाहिलेले असतात. उलट 'स्टार वॉर्स'मध्ये १९८३ साली मुलाला वाचवण्यासाठी डार्थ व्हेडरने सम्राटाला खोल विवरात फेकले आणि स्वतःचा जीव गमावला. २०१९च्या भागात सम्राट पुन्हा हजर! मग बापाच्या त्या त्यागाला काय किंमत उरली?

आम्ही बँकेत कर्जाच्या अटी मंजुरीच्या वेळीच लिहीत असू, वसुलीच्या वेळी नव्हे. शक्तीच्या अटीही कथेत आधीच सांगितलेल्या असाव्यात. पुढचा सिनेमा पाहताना मुलांना ही कसोटी जरूर लावायला सांगावी.