आल्प्स एकच, देश दोन

युरोपात दोघांनीच जायचे ठरले की बहुतेक मराठी घरांत पहिले नाव स्वित्झर्लंडचे निघते. खर्चाचा अंदाज हाती आला की मग ऑस्ट्रियाची चौकशी सुरू होते. दोन्ही देश शेजारी, दोन्हीकडे आल्प्स, दोन्हीकडे जर्मन भाषा चालते आणि एकाच शेंगेन व्हिसावर दोन्हीकडे फिरता येते. त्यामुळे ऑस्ट्रिया म्हणजे थोडे स्वस्तातले स्वित्झर्लंड, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात या दोन देशांत जोडप्याचा दिवस अगदी वेगळ्या तऱ्हेने जातो, आणि निवड करताना पाहायचे ते हेच.

स्वित्झर्लंडची ओढ आपल्याकडे मुख्यतः हिंदी सिनेमाने लावली. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५ साली आला. आज इंटरलाकेन गावात त्याचे निर्माते यश चोप्रा यांचा पुतळा उभा आहे, यात सगळे आले. इंटरलाकेन हे थून आणि ब्रिएन्झ या दोन सरोवरांच्या मधले गाव. तिथून लाउटरब्रुनेनच्या दरीत गाडीने वीसेक मिनिटांत पोहोचता येते. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि गावाच्या डोक्यावरच जवळपास तीनशे मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा. पुढे वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डमार्गे युंगफ्राउयोखला जाता येते. ३,४५४ मीटर उंचीवरचे हे युरोपातले सर्वांत उंच रेल्वेस्थानक. आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून बोगदा खणून ही दातेरी रुळांची रेल्वे १९१२ साली वर पोहोचली. २०२० च्या डिसेंबरात ग्रिंडेलवाल्डहून नवी केबल कार सुरू झाल्यामुळे चढणीचा वेळ बराच वाचतो.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे पैसे. इंटरलाकेनहून युंगफ्राउयोखचे परतीचे पूर्ण तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर जाते. स्विस ट्रॅव्हल पास हाती असला की सगळे फुकट, असे अनेकांना वाटते. पण हा पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पूर्ण चालतो, त्यापुढे फक्त २५ टक्के सवलत मिळते. हाफ फेअर कार्डावर मात्र तेच तिकीट निम्म्या दरात येते. म्हणून एकाच जागी मुक्काम करून डोंगरावर जाणाऱ्यांना बहुधा कार्ड परवडते, आणि रोज नवे शहर गाठणाऱ्यांना पास. दुसरी अडचण ढगांची. वर ढग असले तर चारशे फ्रँक खर्चून दोघांना पांढरी भिंत दिसते. शिखरांवरचे कॅमेरे सकाळी थेट चित्र दाखवतात. ते पाहून त्याच दिवशी तिकीट काढणे शहाणपणाचे. त्यासाठी त्या परिसरात तीन-चार रात्री हव्यात. टूर कंपनीच्या ठरलेल्या कार्यक्रमात ही मोकळीक नसते. शिवाय एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. चार पावले भरभर चालले तरी धाप लागते. साठीच्या आसपासच्या जोडप्यांनी, विशेषतः हृदयविकार असेल तर, आधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

एकूणात स्वित्झर्लंडच्या दरीत दोघांना एकच गोष्ट मिळून करायची असते: डोंगर पाहायचा. दोघांनाही ती मनापासून आवडत असेल तर त्या जागेला तोड नाही. एकाला आवडते आणि दुसरा केवळ सोबत आला आहे, अशी स्थिती असेल तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

ऑस्ट्रियात ही कोंडी सुटते, कारण तिथे डोंगरांच्या जोडीला शहरे आहेत. व्हिएन्नात एकाने वरच्या बेल्व्हेडेर महालात गुस्टाफ क्लिम्टचे ‘द किस’ हे सोनेरी चित्र पाहावे, दुसऱ्याने तोवर एखाद्या जुन्या कॉफीघरात बसावे. तिथे एका कपाबरोबर पाण्याचा ग्लास येतो, वर्तमानपत्रे असतात आणि दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. संध्याकाळी दोघांनी स्टेट ऑपेराच्या दारात भेटावे. या ऑपेराची उभ्याने पाहायची तिकिटे वीस युरोंच्या आत मिळतात. आत शिरल्यावर कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधून जागा धरायची, ही तिथली जुनी रीत. मुंबईच्या लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना ती शिकवावी लागणार नाही.

व्हिएन्नाहून अडीच तासांवर साल्झबुर्ग. मोझार्टचा जन्म १७५६ साली इथे झाला आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे चित्रीकरणही याच परिसरात झाले. हालश्टाट हे सरोवराकाठचे गाव इथून दिवसभरात पाहून परतता येते, पण ते तसे पाहू नये. दुपारी तिथल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते; बसगाड्या परतल्यावर गाव मोकळे होते. तिथे एक रात्र काढण्यातच अर्थ आहे. मात्र रेल्वेस्थानक सरोवराच्या पलीकडच्या काठावर असून गावात होडीने यावे लागते, म्हणून शेवटच्या होडीची वेळ आधी पाहून ठेवावी.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी जोडप्यांना इंटरलाकेन सोयीचे. तिथे भारतीय उपाहारगृहे भरपूर आहेत. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की ग्रुयेरसारखे पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने बनते आणि फाँड्यू या वितळवलेल्या चीजच्या पदार्थात वाइन असते.

महिना कोणता, यावरही निवड अवलंबून आहे. एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये अनेक स्विस केबल कार दुरुस्तीसाठी बंद असतात आणि उंचावरच्या पायवाटांवर मे महिन्यातही बर्फ असतो. त्यामुळे उन्हाळी सुटीतच निघणाऱ्यांना ऑस्ट्रिया अधिक पदरात पडते. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या उलट: डोंगर पूर्ण खुले, तर व्हिएन्नाचा ऑपेरा बंद आणि साल्झबुर्गमध्ये संगीत महोत्सवामुळे हॉटेलांचे दर चढलेले. डिसेंबरात व्हिएन्नाचे नाताळ बाजार हे स्वतंत्र आकर्षण असते.

एका आठवड्यात दोन्ही देश बसवण्याचा मोह टाळावा. झुरिकहून साल्झबुर्ग गाडीने साधारण साडेपाच तास, म्हणजे आवराआवर धरून एक दिवस जातो. दहा-बारा दिवस असतील तर ते जमते. तेव्हा व्हिसाचा अर्ज जिथे जास्त रात्री राहायचे त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरायचे त्याच्याकडे. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, शुल्क माणशी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा आवश्यक. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव असेल तर ते बदलण्याची गरज नाही. विमान, हॉटेल आणि विम्यावर पासपोर्टातलेच नाव घालावे आणि विवाह नोंदणीचा दाखला अर्जाला जोडावा.