हत्यारांकडून तंबोऱ्याकडे

हातकाम मनाला उभारी देते, असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा फावल्या वेळातला विरंगुळा मनात असतो. ज्यांचे पोट हातावर आहे त्यांची उमेद कुठून येते, हे पाहायचे तर मिरजेच्या सतारमेकरांकडे पाहावे. हे मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी घडवायच्या, त्यांना धार लावायची हा त्यांचा धंदा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि हत्यारांची मागणी आटत गेली. पिढ्यान्पिढ्यांचे कसब एकाएकी बिनकामाचे ठरावे अशी ती वेळ होती. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाण्याला आश्रय होता आणि गवयांची वाद्ये दुरुस्त करणारे कुणीतरी हवे होते. एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी हे काम हाती घेतले. दुरुस्तीसाठी वाद्य उकलता उकलता ते त्याची रचना शिकले आणि पुढे नवी वाद्ये घडवू लागले. या परंपरेचे आद्य कारागीर म्हणून फरीदसाहेबांचे नाव घेतले जाते. कारागिराकडे घडवलेल्या वस्तूपलीकडेही काही उरते, हे यातून दिसते. पदार्थाची पारख, हाताचा अंदाज आणि धीर ही त्याची खरी पुंजी असते. मागणी संपली तरी ती बुडत नाही आणि दुसऱ्या कामाला जुंपता येते.

तंबोरा कसा घडतो ते पाहिले की ही पुंजी नेमकी काय आहे ते कळते. त्याची सुरुवात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारात होते. तिथला जाड सालीचा कडू भोपळा पूर्ण वाळू द्यावा लागतो. दोन भोपळे कधी सारखे नसतात, म्हणून भोपळा पाहूनच वाद्याचे माप ठरते. भिजवून, कोरून, तोंड रुंदावून त्याला तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली जोडतात. कस लागतो तो शेवटी, जवारीला. तबलीवरच्या घोडीचा माथा किंचित उताराचा घासतात. छेडलेली तार त्या उतारावर हलकीशी टेकत राहते. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा सापडली की एकाच तारेतून स्वरांचा झोत उमलतो. हा उतार मोजपट्टीने ठरवता येत नाही. घासायचे, तार छेडायची, ऐकायचे आणि पुन्हा घासायचे, हाच त्याचा मार्ग. हत्याराला धार लावतानाही हात असाच हळूहळू अंदाज घेत पुढे जातो. हस्तिदंताचा व्यापार बंद झाल्यावर घोडीसाठी हाड आणि लाकूड वापरात आले. साहित्य बदलले तरी जवारी टिकली, कारण ती कानात आणि बोटांत होती.

यावर पहिला आक्षेप असा की इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरचे ॲप आल्यावर हा खटाटोप कशाला? ही साधने स्वस्त आहेत, प्रवासात सोयीची आहेत आणि त्यांच्यामुळे लहान घरांतही रियाज होऊ लागला, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण यंत्र तयार स्वर पुरवते, तर तंबोरा जुळवणाऱ्याला स्वर शोधावा लागतो. पंचम नसलेल्या रागासाठी पहिली तार मध्यमात किंवा निषादात मिळवताना, धागा केसभर सरकवताना विद्यार्थ्याचा कान घडतो. ही तालीम गाण्याचाच भाग आहे. म्हणून यंत्राने रियाजाची सोय केली तरी मिरजेचे काम संपवलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चिवटपणाचे कौतुक करणारे आपण, हाल मात्र कारागिराचे. हे खरे आहे. २०२० च्या टाळेबंदीत मैफली आणि गाण्याचे वर्ग थांबले, तेव्हा वाद्ये घडवणाऱ्या घरांना कसबाची पुंजी लगेच भाकरी देऊ शकत नव्हती. महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीला किंमत मिळणार नसेल, तर पुढच्या पिढीने दुसरी वाट धरली म्हणून तिला दोष देता येणार नाही. म्हणूनच उमेदीला आधार लागतो, तो दाम, शिकाऊ मुलांना पोसणारी सोय आणि भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न यांचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नकलेविरुद्ध ते कामी येईल, पण गिऱ्हाईक आणून देणार नाही. ते काम गाणाऱ्यांचे, संगीत विद्यालयांचे आणि रसिकांचे आहे.

तरीही या धंद्याच्या घडणीतच आशेला जागा आहे. वाजवून वाजवून तारा घोडीत चऱ्या पाडतात, जवारी बसते आणि आवाज मिटतो. मग घोडी पुन्हा घासून जवारी काढावी लागते. वाद्य विकले की संबंध संपला, असे इथे होत नाही. तंबोरा वाजत राहील तोवर त्याला त्या हातांकडे परतावेच लागते. शिकलगार या कलेत शिरले तेही दुरुस्तीच्याच दारातून. घरात अबोल होऊन पडलेला एखादा तंबोरा जवारीसाठी मिरजेला पाठवणे, ही त्या दाराशी नेणारी सर्वात जवळची वाट आहे.