शिलकी रायफलींची महागाई

भाववाढीचा विषय निघाला की आपल्याकडे धान्य, तेल, साखर आणि घरभाडे यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. आणि ज्या समाजात बहुसंख्यांचा पगार महिनाअखेरीस पुरत नाही, तेथे ते स्वाभाविकच आहे. तथापि कधी कधी एखाद्या दूरच्या वस्तूच्या किमतीकडे पाहिले, तर बाजाराची सूत्रे अधिक स्वच्छ दिसतात, कारण तेथे आपल्या रागलोभाचा अडसर नसतो. अमेरिकेत परदेशांतून येणाऱ्या जुन्या लष्करी रायफली ही अशीच एक वस्तू आहे. वीसेक वर्षांपूर्वी शंभर डॉलरच्या आत मिळणारी रशियन मोसिन-नागान्त रायफल आता साधारणतः तीनशे ते पाचशे डॉलरांना विकली जाते. २००५ सालचे ऐंशी डॉलर म्हणजे २०२४ सालचे सुमारे एकशेतीस डॉलर. म्हणजेच चलनवाढ वजा केली तरीही ही वस्तू सव्वादोन ते चार पटींच्या दरम्यान महागली आहे. ती मात्र तीच आहे; किंबहुना वीस वर्षांनी अधिक जुनी झाली आहे.

ही वस्तू महाग का झाली, हा प्रश्न सगळे विचारतात. ती मुळात इतकी स्वस्त का होती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १८९१ मध्ये झारच्या सैन्याने स्वीकारलेली ही रायफल दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत तुला आणि इझेव्स्क येथील कारखान्यांतून लाखोंनी बाहेर पडत होती. युद्धानंतर सोव्हिएत सरकारने या रायफली दुरुस्त करून, घट्ट वंगणात बुडवून कोठारांत रचून ठेवल्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि रशिया, युक्रेन आदी नव्या राज्यांच्या हाती ही कोठारे आली. त्या रायफलींचा उत्पादनखर्च कधीच फिटलेला होता. खरे म्हणजे तो सोव्हिएत नागरिकाने आपल्या पोटाला चिमटा घेऊन भरलेला होता. विकणाऱ्याच्या दृष्टीने मिळेल तो डॉलर नफाच. अमेरिकन ग्राहक जी किंमत देत होता, ती रायफलीची नव्हती. वाहतुकीची, आयातदाराच्या कष्टांची आणि दुकानदाराच्या दलालीची होती. अशा किमतीला बाजारभाव म्हणण्यापेक्षा निकालाची विक्री म्हणणे योग्य. निकालाची विक्री कितीही वर्षे चालली, तरी ती संपायचीच असते.

अमेरिकेला हा अनुभव नवा नव्हता. १९५० च्या दशकात सॅम्युअल कमिंग्ज यांच्या इंटरआर्म्कोसारख्या कंपन्यांनी युरोपातील महायुद्धोत्तर शस्त्रसाठे जहाजे भरभरून विकत आणले. या स्वस्ताईने न्यू इंग्लंडमधील बंदूक-कारखानदार हवालदिल झाले, आणि त्यांच्या तक्रारीची दखल घेऊन १९५८ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या एका तरुण सेनेटरने अशा आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. ते सेनेटर म्हणजे जॉन केनेडी. विधेयकाचा तो भाग टिकला नाही. पाच वर्षांनी, मार्च १९६३ मध्ये, ली हार्वे ओस्वाल्ड याने शिकागोतील एका दुकानातून टपालाने एक शिलकी इटालियन कार्कानो रायफल मागविली. दुर्बिणीसह तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट होती, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दोनशे डॉलर. त्या वर्षीच्या २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये जे घडले, ते सर्वांस ठाऊक आहे. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री आणि शिलकी लष्करी रायफलींची आयात, दोन्ही बंद झाली. १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य मानल्या जाणाऱ्या शस्त्रांसाठी हे दार पुन्हा किलकिले झाले, आणि त्याच फटीतून पुढे मोसिन-नागान्तांचा लोंढा शिरला.

त्यानंतरची हकिकत एकेक नळ बंद होण्याची आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी चिनी बनावटीची एस.के.एस. रायफल शंभर डॉलरच्या आसपास मिळत असे. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी चिनी रायफली आणि काडतुसांची आयात बंद केली. १९९६ मध्ये रशियाबरोबर करार होऊन तेथून कोणती शस्त्रे येऊ शकतील, याची यादीच ठरली. २०१४ मध्ये क्रिमियाच्या प्रकरणानंतर कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध आले. आणि नवाल्नी विषप्रयोग प्रकरणाची शिक्षा म्हणून सप्टेंबर २०२१ पासून रशियन शस्त्रे व काडतुसे आणण्यास नवे परवाने देणे थांबले. यांतील बहुतेक निर्णयांमागे परराष्ट्रधोरण होते, ग्राहकाचा विचार नव्हता. परंतु पुरवठा कोणत्या कारणाने आटला, याच्याशी किमतीला कर्तव्य नसते.

येथे पूरक वस्तूचा मुद्दा येतो. शाई महागली की स्वस्त लेखणीचा उपयोग कमी होतो, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवितो. मोसिन-नागान्तचे खरे आकर्षण तिच्या काडतुसांत होते. सोव्हिएत काळातील ४४० काडतुसांचा पत्र्याचा सीलबंद डबा पंधराएक वर्षांपूर्वी शंभर डॉलरच्या आत मिळे. त्या काडतुसांच्या स्फोटक टोपीतील क्षारांमुळे नळी गंजते, म्हणून त्याच दिवशी ती पाण्याने धुवावी लागते. पण नेमबाजीचा सराव करणारा सामान्य माणूस हा त्रास आनंदाने सोसत असे. ते डबे संपले. आता नवीन काडतूस घ्यावे, तर प्रत्येक बाराला पूर्वीच्या कितीतरी पट खर्च. रायफलीची किंमत वाढत असतानाच तिचा वापर महाग झाला आणि उपयुक्तता घटली, तरीही भाव उतरला नाही. प्राथमिक सिद्धान्ताला हे विसंगत वाटेल.

वस्तुतः विसंगती नाही. ग्राहक बदलला आहे. पूर्वीचा ग्राहक हरणाच्या शिकारीला जाणारा खेड्यातील मजूर, शेतकरी किंवा विद्यार्थी होता. त्याला हत्यार हवे होते, आणि ऐंशी डॉलरांत ते मिळाले की त्याच्या पदरी मोठे संतोषाधिक्य पडे. आजचा ग्राहक संग्राहक आहे. त्याला कोठारातला शिक्का, कारखान्याचे चिन्ह, १९४२ हे साल हवे असते. पूर्वीच्या मालकांनी दस्ते कापून, नळ्या आखूड करून कितीतरी रायफली बिघडविल्या, त्यामुळे अबाधित नग आणखी दुर्मिळ झाले. त्यातच भाव वाढतात म्हणून घेणारे आणि घेतात म्हणून भाव वाढविणारे, ही नेहमीची साखळीही जुळली. जी वस्तू अवजार म्हणून आली, ती आता ठेव म्हणून फिरते आहे.

मग सामान्य खरेदीदाराने काय समजावे? हिशेब सरळ आहे. रुगर, सॅव्हेज अशा अमेरिकन कारखान्यांनी गेल्या दीड दशकात साध्या शिकारी रायफली बाजारात आणल्या; त्या चारशे-पाचशे डॉलरांच्या आसपास मिळतात. नळी नवी, नेम अधिक अचूक, दुर्बीण बसविण्याची सोय तयार, सुटे भाग उपलब्ध. ऐंशी डॉलरांना मोसिन-नागान्तला तोड नव्हती; चारशेला आहे. ज्याला अवजार हवे, त्याने जुन्या स्वस्ताईच्या आठवणीवर पैसे खर्चू नयेत; ज्याला इतिहास हवा, त्याने तो इतिहास म्हणूनच घ्यावा आणि त्याला बचत समजू नये. एकाच किमतीत दोन्ही मिळण्याचे दिवस गेले.

बंदुका महागल्या तर बिघडले कुठे, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि ओस्वाल्डचे नाव घेतल्यावर तो हसण्यावारी नेता येणार नाही. महाग वस्तू कमी हातांत जाते, हे खरे. परंतु किंमत खिसा तपासते, हेतू तपासत नाही. हेतू तपासण्याचे काम परवाना, चौकशी आणि नोंदणी यांचे आहे. ते काम टाळून किमतीच्या भरवशावर राहिले, तर गरीब शिकारी बाहेर पडतो आणि पैसेवाला माथेफिरू आतच राहतो. शिवाय आयातबंदीने घरात असलेली एकही रायफल नाहीशी होत नाही. ती फक्त आधीच्या मालकाला श्रीमंत करते.

याचा पडताळा आपल्याकडेही आहे. छात्रसेनेत असताना ज्यांनी .३०३ रायफल खांद्यावर घेतली, त्यांना ईशापूरचे नाव परिचित असेल; त्या कारखान्यात बनलेल्या रायफलीही एके काळी शिलकी माल म्हणून अमेरिकन बाजारात स्वस्तात गेल्या. आपल्या देशात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काटेकोर, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला आयातही बंद. परिणामी त्यापूर्वी आलेली परदेशी शस्त्रे हस्तांतरणात लाखांच्या घरात जातात. त्यांचा दर्जा तेवढा आहे म्हणून नव्हे, तर दार बंद आहे म्हणून. परवाना काटेकोर असावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण ज्याने परवान्याची कसोटी पार केली आहे, त्याच्यापुढे पुन्हा किमतीची भिंत उभी करून समाज कोणती सुरक्षितता मिळवितो? नामवंत नेमबाजांना आयातीची सवलत आहे; परंतु नामवंत होण्याआधीची वर्षे कोणी मोजावयाची? कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या वाटेवर खर्चापायी मागे राहिलेल्यांची गणती कोणी ठेवीत नाही.

स्वस्ताई हा वस्तूचा गुण नसतो. कोणीतरी, कोठेतरी तिची किंमत आधीच मोजलेली असते, म्हणून ती आपल्यापर्यंत स्वस्त पोहोचते. आणि महागाई हा नेहमी वस्तूच्या मोलाचा पुरावा नसतो. पुष्कळदा तो केवळ बंद दाराचा पुरावा असतो. भाव ऐकताना हे दोन्ही प्रश्न मनात असले, तर रायफलच काय, साखरेच्या पोत्याचा हिशेबही अधिक नीट कळेल.