क्लबची फी आणि शाळेचा संघ

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या एका आपांचा परवा फोन आला. मुलाला हायस्कूलच्या फुटबॉल संघात खेळायचे आहे, पण क्लबचे कोच नको म्हणतात. आता काय करावे?

तिकडे शाळेचा हंगाम शरद ऋतूतल्या दोन-तीन महिन्यांचा, तर क्लब जवळपास वर्षभर चालतो. क्लबमधली मुले चेंडूवर पक्की होतात, हे मान्यच करावे लागेल. अशी मुले ज्या शाळेत जास्त, तिचा संघ भारी. पण फी आणि प्रवास मिळून वर्षाचा खर्च हजारो डॉलरवर जातो, म्हणून ही मुले बहुधा सधन वस्तीतल्या शाळांतच असतात. शिवाय क्लब त्यांना सोडतीलच असेही नाही. अमेरिकी फुटबॉल महासंघाने 2007 मध्ये डेव्हलपमेंट अकादमी सुरू केली. 2012 पासून तिचा हंगाम दहा महिन्यांचा झाला आणि तिथल्या मुलांना शाळेकडून खेळण्यास मनाई झाली. शाळांचे उत्तम खेळाडू गेले. 2020 मध्ये ती अकादमी बंद पडली, ओढाताण मात्र राहिली.

आम्ही आपांना मेन राज्यातल्या लुइस्टनची हकीकत सांगितली. कापड गिरण्या बंद पडलेले हे गाव. 2001 पासून तिथे सोमाली मुस्लिम कुटुंबे येऊ लागली. पुढच्याच वर्षी महापौरांनी जाहीर पत्र लिहून आणखी लोकांनी येऊ नये असे सुचवले! याच घरांतली मुले हायस्कूलच्या संघात आली. कित्येकांचे बालपण केनियातल्या निर्वासित छावण्यांत गेलेले. महागड्या क्लबची फी कुठून भरणार? ती मिळेल त्या मोकळ्या जागेत, लहानपणापासून एकमेकांबरोबर खेळत आलेली. कोच माइक मॅकग्रॉ यांनी तोच वेगवान, छोट्या पासांचा खेळ संघात वाढू दिला. 2014 मध्ये अंतिम सामना हरले. 2015 मध्ये एकही सामना न गमावता स्कारबरोला 1-0 ने हरवून राज्य विजेते झाले. मैदानात उतरताना त्यांची आरोळी स्वाहिली भाषेतली असे: ‘पामोजा न्दुगू’, म्हणजे भावांनो, एकत्र.

आपांना क्लब सोडा असे आम्ही म्हटले नाही. मुलगा तिथे शिकतो आहे. एवढेच विचारले, की शाळेच्या हंगामाबद्दल क्लबच्या कागदावर काय लिहिले आहे?

फी भरून झाली होती. कागद कोणी वाचलाच नव्हता.