एकाच पत्रिकेत दोन माणसं

जुळ्यांची पत्रिका सारखी, मग नशीब वेगळं कसं? हा प्रश्न विचारला की ज्योतिष्याकडे उत्तर तयार असतं : जन्मवेळेत चार-पाच मिनिटांचा फरक असतो आणि तेवढ्यानेही फळ बदलतं. हे उत्तर दोन हजार वर्षं जुनं आहे. निगिडियस फिगुलस नावाच्या रोमन विद्वानाने गरगर फिरणाऱ्या कुंभाराच्या चाकावर शाईचे दोन ठिपके पाठोपाठ मारले. चाक थांबल्यावर ठिपके एकमेकांपासून बरेच लांब पडलेले दिसले. आकाश याहून वेगाने फिरतं, मग जुळ्यांच्या नशिबांत अंतर पडलं तर नवल काय, असं त्याचं म्हणणं. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने ही हकिकत आपल्या ग्रंथात नोंदवली आणि उलट विचारलं, की इतक्या बारीक फरकाने नशीब पालटत असेल, तर ज्योतिषी एरवी ढोबळ वेळेवरून भविष्य सांगतात ते कशाच्या जोरावर?

चाकाचा हा दाखला जोडलेल्या जुळ्यांपाशी येऊन अडतो. छातीला, पोटाला किंवा डोक्याला चिकटलेली दोन बाळं सहसा सिझेरियनने, एकत्रच बाहेर काढावी लागतात. दिवस तोच, गाव तेच, घड्याळाचा काटाही तिथेच. म्हणून फलज्योतिषाबद्दल दोन्ही बाजूंनी पसरलेले गैरसमज तपासायला ही पत्रिका फार उपयोगी आहे.

गैरसमज : थोडा तरी फरक असतोच, सूक्ष्म पाहिलं की सापडतो.

हिशेब करून पाहू. चोवीस तासांत बारा राशी पूर्वेला उगवतात, म्हणजे लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते आणि लग्नाचा एक अंश चार मिनिटांत सरकतो. नवमांश बदलायला सुमारे तेरा मिनिटं लागतात. कृष्णमूर्ती पद्धतीत राशिचक्राचे २४९ भाग केलेले असतात. त्यातला एक भाग सरासरी सहा मिनिटांच्या आत पुढे जातो, आणि जुळ्यांची पत्रिका याच पद्धतीने बघावी असा आग्रह आपल्याकडे अनेक जण धरतात. षष्ट्यंश दोन मिनिटांचा, आणि नाडीअंश तर अवघ्या ४८ सेकंदांचा.

एकाच क्षणी उचललेल्या दोन बाळांत यातला कुठलाच विभाग फरक दाखवू शकत नाही. नाडीअंशाचा आधार घ्यावा, तर प्रसूतिगृहातलं घड्याळ सेकंदाला बरोबर असतं असं कुणी छातीठोक सांगेल का? त्यात जन्माचा क्षण नेमका कुठला धरायचा, डोकं दिसलं तो, पहिला श्वास घेतला तो की नाळ कापली तो, यावर ज्योतिष्यांचंच एकमत नाही. चंद्राचं नक्षत्रही तेच आणि चरणही तोच, कारण एक चरण जवळजवळ सहा तास चालतो. त्यामुळे नामाक्षर एकच येतं आणि महादशेची शिल्लकही एकच. गण, नाडी, योनी सगळं सारखं. पत्रिका मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला ही माणसं दोन आहेत हे कळायला मार्गच नाही.

गैरसमज : ज्योतिष्यांकडे याला उत्तरच नाही.

हा आपल्या विवेकवादी मित्रांचा गैरसमज. उत्तरं भरपूर आहेत. तृतीय स्थान धाकट्या भावंडाचं, तेव्हा पहिल्याची पत्रिका लग्नावरून आणि दुसऱ्याची तृतीयाला लग्न मानून वाचावी, असं एक मत. प्रश्न विचारला त्या वेळेची प्रश्नकुंडली मांडावी, हे दुसरं. पत्रिका सारखी असली तरी ज्याचं त्याचं पूर्वसंचित निराळं, हे तिसरं. काही जण दोघांना मिळून एकच जातक धरतात.

अडचण उत्तरं कमी असण्याची नाही, जास्त असण्याची आहे. तृतीयाचा नियम लावायला आधी थोरला-धाकटा ठरवावा लागतो, आणि एकत्र बाहेर आलेल्या बाळांत तो ठरतो तो कागद भरणाऱ्याच्या मर्जीवर. पूर्वसंचिताने फरक पडत असेल, तर तो पत्रिकेत दिसायला हवा. दिसत नसेल, तर मग पत्रिका कशाला बघायची? कुठला नियम लावायचा हे दोघांची आयुष्यं कळल्यावर ठरणार असेल, तर त्याला भविष्य म्हणणं कठीण आहे.

गैरसमज : जुन्या ग्रंथांना असे जन्म ठाऊकच नव्हते.

ठाऊक होते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या 'बृहज्जातका'त निषेकाचा, म्हणजे गर्भधारणेचा, स्वतंत्र अध्याय आहे. जुळं केव्हा होईल याचे योग त्यात दिले आहेत. बुध त्रिकोणात आणि बाकीचे ग्रह निर्बल असतील तर तोंड, हात, पाय दुप्पट असलेलं मूल होतं, असाही एक योग आहे. एकाच वेष्टनात गुंडाळलेल्या जुळ्यांचा योग ग्रंथात पुढे येतो. म्हणजे असे जन्म त्या काळीही लोकांनी पाहिले होते आणि त्यांना शास्त्रात बसवण्याची खटपटही झाली होती.

मला यात एक गोष्ट दाद देण्यासारखी वाटते. शरीराची घडण गर्भात ठरते, म्हणून वराहमिहिर ती गर्भधारणेच्या वेळेवरून पाहतो. आज जन्मवेळेच्या पत्रिकेत 'हे जुळं जोडलेलं का' याचं कारण शोधणाऱ्यांपेक्षा हा विचार तर्काला जास्त धरून आहे, कारण जन्मवेळ येईपर्यंत ती गोष्ट घडून आठ महिने झालेले असतात. पण योग मात्र टिकत नाही. असा योग जुळून आला की तासभर तरी राहणार, आणि तेवढ्या वेळात एकट्या भारतात हजारो गर्भ राहतात. जोडलेली जुळी मात्र ५० हजार ते दोन लाख जन्मांमागे एखादी, असे अंदाज आहेत. बाकीच्यांना तो योग का लागला नाही?

गैरसमज : पत्रिका एक, शरीर एक, म्हणजे आयुष्यही एकच.

इथे जरा थांबून माणसंच पाहिली पाहिजेत.

ज्यांच्यामुळे 'सयामी जुळी' हा शब्द रूढ झाला ते चांग आणि एंग सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, १८११ साली जन्मले. त्यांच्या छातीच्या हाडाजवळ मांसाचा एक पट्टा होता, तेवढ्यानेच ते जोडलेले. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात स्थायिक होऊन ते शेतकरी झाले आणि १८४३ साली दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. इथवर ज्योतिषी खूश होईल : सप्तमस्थान एक, विवाहयोग एक. पण चांग दारू प्यायचा, एंगला ती वर्ज्य. पुढे बहिणींचं पटेना, म्हणून घरं दोन झाली आणि हे भाऊ तीन दिवस एका घरी, तीन दिवस दुसऱ्या घरी राहू लागले. चांगची मुलं दहा, एंगची अकरा. १८७० साली पक्षाघाताचा झटका चांगच्या वाट्याला आला, एंगच्या नाही. या दोघांच्या तयार पत्रिका कुणी दाखवल्या तर एवढं ध्यानात ठेवावं, की सयामातल्या त्या कोळ्याच्या घरी मिनिटाचा हिशेब कुणी ठेवलेला नव्हता.

अमेरिकेतल्या अ‍ॅबी आणि ब्रिटनी हेन्सेल यांचा जन्म १९९० चा. डोकी दोन, हृदयं दोन, पण खाली धड एक आणि पाय दोनच. डाव्या-उजव्या अंगाचा ताबा एकेकीकडे. गाडी चालवण्याची परीक्षा दोघींनी स्वतंत्रपणे दिली आणि परवाने दोन मिळाले. पदव्याही दोन. दोघी प्राथमिक शिक्षिका आहेत. २०२१ साली अ‍ॅबीचं लग्न झालं, ब्रिटनी अविवाहित आहे. सप्तमस्थान एकच, शरीर एकच, आणि विवाहयोग एकीला खरा, दुसरीला खोटा. याहून नेमकं उदाहरण मागूनही मिळालं नसतं.

दशमस्थानाचं, म्हणजे नोकरी-धंद्याचं, पाहायचं तर अमृतसरचे सोहणा आणि मोहणा आहेत. कमरेखाली ते एक आहेत. पंजाबच्या वीज महामंडळात २०२१ च्या अखेरीस नोकरी लागली ती सोहणाला. काम दोघं मिळून करतात. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत दोघांनी दोन मतं दिली आणि एकाचं मत दुसऱ्याला दिसू नये म्हणून त्यांना खास गॉगल घालायला दिले गेले. निवडणूक आयोगाला जे कळलं ते पत्रिकेला कळत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या शॅपेल जुळ्यांची डोकी एकमेकांना चिकटलेली होती. लोरी चालू शकायची. दुसऱ्याला चाकांच्या स्टुलावर बसवून ती ढकलत न्यायची. ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरी करायची, तर भावंड कंट्री संगीत गायचं आणि परदेशांत कार्यक्रम करायचं. मुलगी म्हणून वाढलेल्या त्या भावंडाने २००७ साली जाहीर केलं की आपण पुरुष आहोत, आणि जॉर्ज हे नाव घेतलं. स्त्रीची पत्रिका वेगळी वाचायची आणि पुरुषाची वेगळी, हा आपल्याकडचा शिरस्ता. मग ही पत्रिका कशी वाचायची?

यातून पत्रिकेचा दावा फोल ठरतो, पण 'सगळं जनुकांत लिहिलेलं असतं' म्हणणाऱ्यांनीही इथे सावध व्हायला हवं. जोडलेली जुळी नेहमी एकाच फलित अंड्यातून होतात. जनुकं तीच, गर्भाशय तेच, घर तेच, ताटही शेजारचं. तरी माणसं दोन निघतात.

गैरसमज : एकाच दिवशी मरतात, हाच पत्रिकेचा पुरावा.

हा मुद्दा सर्वांत जास्त पटवणारा, आणि दिसायला खराही. जानेवारी १८७४ मध्ये श्वसनाच्या आजाराने चांग रात्री झोपेत गेला. त्यानंतर काही तासांतच, एरवी धडधाकट असलेला एंगही गेला. मिली आणि क्रिस्टीन मॅकॉय या जुळ्या १९१२ साली अशाच पाठोपाठ गेल्या. मिलीला क्षय होता. लोरी आणि जॉर्ज २०२४ च्या एप्रिलमध्ये बासष्टाव्या वर्षी एकाच दिवशी गेले.

कारण रक्तात आहे. बहुतेक जोडलेल्या जुळ्यांचं रक्ताभिसरण कमी-अधिक प्रमाणात एकमेकांत मिसळलेलं असतं. एकाचं हृदय थांबलं की दुसऱ्याचं हृदय त्या निष्प्राण देहात रक्त ढकलत राहतं आणि ते परत येत नाही. शिवाय मृत ऊतींतलं विष जिवंत शरीरात पसरतं. चांग-एंगच्या शवविच्छेदनात त्यांची यकृतं त्या पट्ट्यातून जोडलेली आढळली होती. एंगचा जीव भीतीने गेला की रक्त गेल्याने, यावर डॉक्टरांनी बरीच वर्षं वाद घातला.

पत्रिका खरी असती तर शस्त्रक्रियेने वेगळं केल्यावरही आयुर्दाय एकच राहायला हवा होता. ओडिशात जन्मलेल्या राधिका आणि दूधिका या बहिणी सर्कशीतून युरोपात पोहोचल्या. दूधिकाला क्षय झाला, तेव्हा १९०२ साली पॅरिसमध्ये डॉ. दुआयँ यांनी दोघींना अलग केलं. दूधिका लगेचच गेली, राधिका पुढल्या वर्षापर्यंत जगली. अलीकडे दिल्लीच्या एम्समध्ये ओडिशाचीच डोक्याला जोडलेली दोन बाळं २०१७ साली अलग करण्यात आली. त्यांतलं एक २०२० मध्ये गेलं, दुसरं त्याच्यामागेही जगलं. पट्टा कापला की 'एक नशीब'ही कापलं जातं.

गैरसमज : ग्रहण पाळलं नाही, जोडकेळं खाल्लं, म्हणून असं होतं.

थोडक्यात सांगतो. जोडलेलं राहायचं की सुटं व्हायचं, हे फलनानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ठरतं. साधारण तेराव्या दिवसानंतर गर्भाची विभागणी सुरू झाली तर ती पूर्ण होत नाही, अशी एक उपपत्ती आहे. वेगळे झालेले भाग पुन्हा चिकटतात, अशी दुसरी. दोन्हींत ही घटना घडते तेव्हा बहुतेक बाईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाचा आणि केळ्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. त्यापायी सुनेला बोल लावणाऱ्या घरांना हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

'पण अनुभव येतो ना!'

येतो, म्हणूनच तो मोजायला हवा. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात नेमकं हेच केलं. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका घेतल्या आणि कुठली कोणाची हे ज्योतिष्यांना ओळखायला सांगितलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली, त्यांचं सरासरी यश ४६ टक्के भरलं. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास गेलं असतं. हा निबंध २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

सोनोग्राफीत जोडलेली जुळी दिसली, तर जन्मवेळेचा घोर सोडा. हृदय एक की दोन, यकृत कितपत जोडलेलं, हे प्रश्न बालशल्यचिकित्सकाला विचारा आणि प्रसूती अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या मोठ्या रुग्णालयात होईल असं पाहा. बाळं जगली तर एकवीस दिवसांच्या आत नोंदणी करा आणि अर्ज दोन भरा. जुळ्यांच्या जन्मदाखल्यासाठी प्रत्येक बाळाचा अर्ज स्वतंत्र असतो, जोडलेल्यांचाही.