कॉलेजचा पैलवान, प्राचार्यांचं घर आणि एक कांस्यपदक

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, अमेरिकेत कॉलेजची फुटबॉल टीम एवढी मोठी भानगड का असते? उत्तर थोडक्यात: तिथं चांगल्या खेळाडूला कॉलेज स्कॉलरशिप देतं. फी, राहणं, जेवण, कोच, जिम, सगळं आलं. 2021 पासून तर तो स्वतःच्या नावावर जाहिरातीही करू शकतो. कॉलेज म्हणजे तिथं मोठ्या खेळाची पहिली पायरी.

आता आपल्याकडचं बघू. मलकापुरातून गाडी काढा, जवळच गोळेश्वर लागतं. तिथं 15 जानेवारी 1926 ला खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शाळा कराडचं टिळक हायस्कूल, आणि कॉलेज कोल्हापूरचं राजाराम.

राजाराम कॉलेजातला किस्सा आजही सांगतात. क्रीडा संमेलनात कुस्तीला नाव द्यायला खाशाबा गेले, तर क्रीडाशिक्षक म्हणाले, तुझी अंगकाठी लहान, जमायचं नाही. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि या पोरानं आपल्यापेक्षा दांडग्या गड्यांना पाडलं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घ्यायची आणि उचलून टाकायचं.

1948 ला लंडन ऑलिंपिक. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. इथं एक गोष्ट समजून घ्या. आपली कुस्ती लाल मातीतली. पाठ टेकली, चीतपट झाला, विषय संपला. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर. तिथं वजनगट असतात, वेळ ठरलेली, पंच निकाल देतात. पायाखालची पकडच वेगळी. म्हणजे कोड तुम्ही एका सिस्टीमवर लिहिलाय आणि चालवायचा भलत्याच सिस्टीमवर! तरीही फ्लायवेटमध्ये खाशाबा सहावे आले. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही त्यांनी हरवलं.

पुढची चार वर्षं तयारी झाली, वजनगट बदलला. 1952 ला हेलसिंकीला जायचं ठरलं, पण पैसे? गावानं वर्गणी काढली, लोकांनी जमेल तसं दिलं, तरी कमी पडत होते. तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 1952 चे 7000, लक्षात घ्या. पोरगा हरून आला असता तर घर गेलं असतं. सरळ हिशोब आहे.

हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लढत लांबली आणि ती गेली. लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हा नियम होता, पण तो मांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला 1996 उजाडलं, लिएंडर पेसचं.

परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपले आणि खाशाबा पुन्हा कुस्त्या मारायला लागले. कशासाठी? मिळालेल्या पैशातून त्यांनी खर्डेकरांचं कर्ज फेडलं, घर सोडवलं. 1955 ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

अमेरिकन कॉलेजात हा सगळा खर्च व्यवस्था उचलते. दुखापत, कोच, प्रवास, नियम बोलून दाखवणारा माणूस, सगळं ठरलेलं. आपल्याकडे 1952 ला त्या व्यवस्थेच्या जागी एक प्राचार्य आणि एक गाव होतं. पैशाची सोय त्यांनी केली, पण मॅटशेजारी उभा राहणारा माणूस ते देऊ शकले नाहीत. तिथंच रंग बदलला असता का, कोण सांगणार!

तुमच्या कॉलेजात राज्य पातळीवर खेळणारं कुणी असेल तर एकदा विचारा: बुटाचे, प्रवासाचे, डाएटचे पैसे कोण देतं? उत्तर आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. चला, भेटूया!