स्टार वॉर्स: डिस्पेशलाइज्ड एडिशन

डिस्पेशलाइज्ड एडिशन ही जॉर्ज लुकास दिग्दर्शित स्टार वॉर्स या अमेरिकन चित्रपटाची चाहत्यांनी तयार केलेली अनधिकृत आवृत्ती आहे. २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झालेला चित्रपट शक्य तितका मूळ रूपात आणि चांगल्या चित्रदर्जात पुन्हा पाहता यावा, हा तिचा उद्देश आहे. चेक प्रजासत्ताकातील इंग्रजीचे शिक्षक पेत्र हार्माचेक यांनी ‘हार्मी’ या टोपणनावाने इतर चाहत्यांच्या मदतीने ती सिद्ध केली. मूळ त्रयीतील उरलेल्या दोन चित्रपटांच्याही अशा आवृत्त्या त्यांनी केल्या आहेत.

पार्श्वभूमी

१९८१ च्या पुनःप्रदर्शनात आरंभीच्या सरकत्या मजकुराला ‘अ न्यू होप’ हे उपशीर्षक जोडले गेले. मोठे फेरफार मात्र १९९७ च्या ‘स्पेशल एडिशन’मध्ये झाले. मॉस आयस्ली नगरात संगणकनिर्मित प्राणी आले, पूर्वी वगळलेले जबा द हट्टचे दृश्य परतले आणि मद्यगृहातील प्रसंगात हान सोलोच्या आधी ग्रीडो गोळी झाडू लागला. या शेवटच्या बदलाने हानचा स्वभावच पालटतो, हा चाहत्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. मूळ प्रसंगात गोळी एकटा हानच झाडतो. २००४, २०११ आणि २०१९ मध्ये आणखी बदल होत गेले.

स्पेशल एडिशनसाठी मूळ निगेटिव्हमध्येच कायमचे बदल झाल्याचे लुकासफिल्मने नंतर सांगितले. २००६ मध्ये जुनी आवृत्ती डीव्हीडीवर पुरवणी म्हणून आली, पण ती १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या ध्वनिचित्रफितीवरून घेतलेली असल्याने मोठ्या पडद्यावर धूसर दिसे. याच लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याच्या प्रथेविरुद्ध साक्ष दिली होती.

निर्मिती

पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. पुढे सुधारित आवृत्त्या २.५, २.७ अशा क्रमांकांनी निघाल्या. त्यांचा पाया २०११ ची ब्लू-रे हाच आहे. बदललेल्या दृश्यांच्या जागी २००६ ची डीव्हीडी, दूरचित्रवाणी प्रक्षेपण आणि जुन्या फिल्म प्रिंटचे स्कॅन यांतील भाग बसवले गेले. कित्येकदा एकाच फ्रेमचा बहुतांश भाग ब्लू-रेचा असतो आणि नव्याने घातलेला प्राणी जिथे उभा आहे तेवढीच जागा जुन्या चित्राने झाकलेली असते. असा सांधा दिसू नये म्हणून दोन्ही भागांचे रंग, कणीदारपणा आणि ठळकपणा जुळवावा लागतो.

रंगांचा प्रश्न अधिक अवघड होता. त्या काळातील ईस्टमनकलर प्रिंट कालांतराने लालसर होतात. टेक्निकलरच्या रंगद्रव्य-हस्तांतरण पद्धतीने काढलेल्या प्रिंटचे रंग मात्र टिकतात. म्हणून रंगजुळणीसाठी अशा प्रिंटचा आधार घेण्यात आला. ध्वनीबाबतही एकच ‘मूळ’ नाही: १९७७ मध्ये ७० मिमी प्रिंटसाठी सहा पट्ट्यांचे, ३५ मिमीसाठी स्टिरिओ आणि शिवाय मोनो असे तीन ध्वनिमिश्रण होते, आणि त्यांत किरकोळ फरक आहेत.

प्रोजेक्ट ४के७७

‘टीम निगेटिव्ह वन’ या गटाने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. या प्रकल्पातील सुमारे ९७ टक्के चित्र १९७७ च्या एकाच ३५ मिमी टेक्निकलर प्रिंटच्या ४के स्कॅनमधून आले आहे. चित्रपटगृहात चालवलेली प्रिंट निगेटिव्हपासून काही पिढ्या दूर असल्याने तिच्यातील बारकावे कमी असतात आणि ओरखडेही दिसतात. तरी पुरावा म्हणून ती अधिक विश्वसनीय ठरते, कारण डिस्पेशलाइज्ड एडिशनमधील नेमकी हीच फ्रेम १९७७ मध्ये कोणत्याही पडद्यावर उमटलेली नव्हती.

प्रताधिकार आणि संग्रह

दोन्ही प्रकल्प प्रताधिकारधारकाच्या परवानगीविना झालेले आहेत. अधिकृत प्रत विकत घेतलेल्यांनीच या आवृत्त्या वापराव्यात, असे आवाहन डिस्पेशलाइज्ड एडिशनच्या कर्त्यांनी केले. त्याने कायदेशीर स्थिती बदलत नाही. खासगी डिजिटल संग्रहात व्यावहारिक अडचणही येते. चित्रपटाचे नाव आणि वर्ष सर्वत्र सारखेच असल्याने संग्रह सांभाळणाऱ्या प्रणाली निरनिराळ्या आवृत्त्यांना एकाच चित्रपटाच्या प्रती समजतात. त्यामुळे फाइलच्या नावात आवृत्तीचे नाव व क्रमांक लिहिणे गरजेचे ठरते.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या संग्रहातील १९७७ ची टेक्निकलर प्रिंट जून २०२५ मध्ये लंडनच्या महोत्सवात दाखवली.